आमच्याकडे गाईचं दूध येतच नाही

"काऊज मिल्क प्रोटीन ॲलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले. "गाईचं दूध बंद. आईनेही घ्यायचं नाही." एवढं सांगून त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. आम्ही खुर्चीतून उठायच्या आत पुढचं बाळ आत आलं होतं.

अंबरनाथ पूर्वेच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा रेवा माझ्या खांद्यावर होती. अडीच-तीन महिन्यांची पोर, गाल लाल आणि खरबरीत, लंगोटात पुन्हा रक्ताची रेघ. माझा नवरा निलेश रिक्षाला हात करता करता थांबला आणि म्हणाला, "अगं, पण आपल्याकडे गाईचं दूध येतच नाही."

खरंच येत नव्हतं. बदलापूरला आमच्या घरी तबेल्यातून म्हशीचं दूध येतं. उल्हासनगरला माझ्या माहेरीही म्हशीचंच. गाईचं दूध पातळ, त्याला साय धरत नाही, चहा पांचट होतो, असं दोन्ही घरांत एकमत. म्हणजे डॉक्टरांचा अंदाज चुकला होता. आम्हाला दोघांनाही हायसं वाटलं. नाक्यावर उभं राहून आम्ही उसाचा रस प्यायलो.

त्या हायसं वाटण्याची मला अजून चीड येते. पण त्याहून जास्त चीड त्या घंटीची येते.

ज्यांच्या घरात आज असं रडणारं, खाजवणारं, वजन न धरणारं बाळ आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. मी शांतपणे लिहिणार नाही. मला शांत राहायला पुष्कळांनी सांगून झालंय.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आईकडे गेले होते. आईने माझ्या खाण्यात काही कमी ठेवलं नाही. सकाळी अळिवाची खीर. मग डिंकाचा लाडू आणि पेलाभर दूध. जेवताना भातावर तुपाची धार, संध्याकाळी शतावरी घातलेलं दूध, झोपताना खारकेचं. बाबा कोपऱ्यावरच्या डेअरीतून रोज स्वतः दूध आणायचे. डेअरीवाले सिंधी काका त्यांना बघूनच ओरडायचे, "साहब, बेटी के लिए अलग रखा है, एकदम गाढ़ा!" तुझ्या अंगात भरलं तर पोरीच्या अंगात भरेल, असं आई म्हणायची. तिच्या प्रेमाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिने तिच्या आईने केलं तेच केलं.

रेवा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडायला लागली. दूध प्यायली की पाय पोटाशी घ्यायची, पाठीची कमान करायची आणि चेहरा जांभळा होईपर्यंत रडायची. मग गालांवर पुरळ आलं. मानेच्या, काखेच्या वळ्या ओलसर लाल झाल्या. शी पातळ, शेंबडासारखी बुळबुळीत.

घरातल्या सगळ्यांचं निदान ठरलेलं होतं: दूध पुरत नाही. मग माझं दूध वाढावं म्हणून शतावरीचा आणखी एक पेला वाढला. पोरगी आणखी रडली. मग आणखी एक खीर वाढली. जे खाल्ल्यामुळे तिला त्रास होत होता तेच मला जास्त जास्त खाऊ घातलं जात होतं, आणि ते मी चाटूनपुसून खात होते, कारण एकही घास टाकला तर मी आळशी आई ठरणार होते.

दुसरं निदान माझ्या स्वभावावर होतं. मी लहानपणापासून तापट. बाळंतिणीने चिडू नये, चिडलेल्या आईचं दूध बाळाला बाधतं, हे मला मालिशवाल्या मावशींनी सांगितलं, आईने सांगितलं, समोरच्या सिंधी कविता आंटींनी तर दारातच धरून सांगितलं. "पुट, गुस्सा छोड़ दे. बच्चे को सब लगता है." पोटच्या पोरीची तडफड बघत मी हसरा चेहरा ठेवायचा प्रयत्न करत होते. याहून मोठी शिक्षा असते का, मला माहीत नाही.

कॅम्प चारमधल्या बालरोगतज्ज्ञांनी 'कॉलिक' सांगितलं, म्हणजे पोटातला गॅस आणि कळ. थेंब दिले. बदलापूरला सासरी आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी 'लॅक्टोज इनटॉलरन्स' सांगितलं. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती पचत नाही असा त्याचा अर्थ. त्याचे वेगळे थेंब आले. हे नीट वाचा, कारण यात माझ्यासारखे पुष्कळ जण अडकतात. साखर न पचणं वेगळं आणि प्रोटीनची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जीत शरीर दुधातल्या प्रोटीनला शत्रू समजून त्याच्यावर उठतं. साखर काढून टाकलेल्या दुधातही प्रोटीन तसंच असतं. डब्यावर 'लॅक्टोज फ्री' लिहिलेलं बघून खूश होऊ नका. मी झाले होते.

मग एका सकाळी लंगोटात रक्त दिसलं. सासूबाईंनी ते उजेडात नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला असलं कधी झालं नाही." हे वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलं होतं. मी दात आवळून गप्प बसले, कारण चिडायचं नव्हतं ना. त्याच दिवशी आम्ही अंबरनाथला त्या घंटीवाल्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांचं निदान बरोबर होतं, हे मला मान्य केलं पाहिजे. आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. ज्याला कळलं नाही त्याला मी एकवेळ सोडून देईन. ज्याला कळलं होतं त्याला अजून एक वाक्य बोलायला वेळ नव्हता!

घरी येऊन आम्ही पथ्य अगदी काटेकोर सुरू केलं. गाईचं पथ्य. सासूबाईंच्या नणंदेने, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, वांगणीहून गाईच्या तुपाची बरणी पाठवली होती. ती कपाटावर गेली. त्याऐवजी घरचं म्हशीचं कढवलेलं तूप आलं. शतावरी, खीर, खारीक, सगळं म्हशीच्या दुधात चालूच राहिलं. शिवाय बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या बाईंकडून सासूबाईंनी शेळीचं दूध मागवलं. "बकरीचा दूध पोराला बाधत नाय बाय," असं त्या भाजीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि या भागात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. तेही मला पाजलं गेलं. वास सहन होत नव्हता. नाक दाबून प्यायले.

लसीकरणाला गेलो तेव्हा सिस्टरने रेवाला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मागच्या वेळेपेक्षा वजन कमी भरलं होतं. एवढ्या दिवसांत बाळाचं वजन वाढायला हवं, तिचं उतरत होतं. हाताची बोटं काडीसारखी झाली होती. रडायचीही ताकद कमी झाली होती आणि शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "आता शांत झाली हं पोरगी." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही माझ्या हातून जाणार.

सिस्टरनेच कल्याणच्या एका हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तिथे 'पीडिॲट्रिक गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट' बसतात, म्हणजे लहान मुलांच्या पोटाचे आणि आतड्यांचे डॉक्टर. बाहेरच्या बाकांवर आमच्यासारखी माणसं भरलेली. प्रत्येकीच्या मांडीवर एक बाळ, पिशवीत फाइल, आणि शेजारी सल्ले द्यायला एक वडीलधारी बाई. माझ्या शेजारी सासूबाई होत्या. आमचा नंबर यायला दुपार झाली.

डॉक्टर मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "सकाळपासून तुम्ही काय काय खाल्लंत?" हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. मी सांगत गेले. खिरीपर्यंत आले आणि त्यांनी हात वर केला.

"दूध कुठलं?"

"म्हशीचं. गाईचं आम्ही केव्हाच बंद केलंय," सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं. "शेळीचंही देते मी तिला."

मॅडम म्हणाल्या, "गाय, म्हैस, शेळी, तिघींच्या दुधातलं प्रोटीन जवळपास सारखं असतं. या बाळाच्या शरीराला त्यातला फरक कळत नाही. तुम्ही जे प्यायता ते थोडंसं तुमच्या दुधातून तिच्या पोटात जातं. दूध बंद म्हणजे सगळ्याच जनावरांचं बंद. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी आधी हसले. मग रडले. मग मी जी भडकले ती सगळ्या ओपीडीने ऐकली. घंटीपासून उसाच्या रसापर्यंत सगळं मी बोलून टाकलं. सासूबाई माझा दंड दाबत होत्या. "चिडू नकोस गं, बाळाला दूध बाधेल."

मॅडम म्हणाल्या, "आजी, रागाने दूध बाधत नाही. म्हशीच्या दुधाने बाधलंय. तिला रागवू द्या."

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

आता तुम्हीच सांगा, 'गाईचं' या शब्दाऐवजी 'सगळ्या जनावरांचं' म्हणायला किती वेळ लागतो? ज्या देशांत दूध म्हणजे गाईचंच, तिथे आजाराला हे नाव पडलं असेल. ते नाव तसंच उचलून आमच्या तोंडावर मारायचं, जिथे दारोदार म्हशीचं दूध जातं? डॉक्टर स्वतः घरी कुठल्या दुधाचा चहा पितात? त्यांच्या एका शब्दाच्या आळसाने माझ्या मुलीचं अंग वाळत गेलं. मी त्यांना नंतर जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे कॉमन सेन्स आहे." मी त्यांच्या टेबलावरची घंटी उचलून त्यांच्यासमोर वाजवली आणि निघून आले. वेडेपणा होता, पण बरं वाटलं.

कल्याणला रेवाला काही दिवस ॲडमिट केलं. रक्ताच्या, शीच्या तपासण्या झाल्या. मॅडमनी समजावलं की रेवाची ॲलर्जी 'नॉन-आयजीई' प्रकारची दिसते, म्हणजे प्रतिक्रिया लगेच येत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी पोटात दिसते. म्हणूनच ती ओळखायला वेळ लागतो. यावर इलाज म्हणजे 'एलिमिनेशन डाएट'. माझ्या खाण्यातून दुधाचा प्रत्येक अंश काढायचा आणि वाट बघायची. वजन भरून येईपर्यंत वरून एक खास पावडर द्यायची, जिच्यातल्या प्रोटीनचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात. अंगावरचं पाजणं मात्र थांबवायचं नाही. मला कॅल्शियमच्या आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू झाल्या. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. मी केलं म्हणून मनाने सुरू करू नका.

दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा हे कुणालाही सुचेल. पण बिस्किटात दूध असतं, पावात असू शकतं, चॉकलेटात असतं. पाकिटाच्या मागे 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे' किंवा 'केसीन' लिहिलेलं असेल तर ते दूधच. रेवाला आधी दिलेल्या पोटाच्या एका पुडीतसुद्धा दुधाची पावडर निघाली. औषधात! तेव्हापासून मी मेडिकलवाल्याला पुडी द्यायच्या आधी मागची बाजू वाचायला लावते. मला येताना बघून तो आता चष्मा चढवतो.

घरात मात्र सोपं नव्हतं. बाळंतीण बाई कोरडा भात खाते, यापेक्षा मोठी नाचक्की सासूबाईंना माहीत नव्हती. पण हळूहळू रक्त थांबलं. मग गालांची साल निघून खाली कोवळी कातडी आली. एका दुपारी रेवा दूध पिऊन रडली नाही, तर तोंड उघडं टाकून माझ्या मांडीवर झोपून गेली. निलेश अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून पहिल्या पाळीहून आला होता. तो बूट न काढता कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला.

गोष्ट इथे संपली असती तर मी इतकं चिडून लिहिलं नसतं.

मॅडमनी बजावलं होतं की दूध बंद ठेवलेल्या काही मुलांना नंतर चुकून दूध गेलं तर ॲलर्जी वेगळ्या रूपात, झटकन आणि जोरात येऊ शकते. विशेषतः अंगावर पुरळ असलेल्या मुलांना. "घरी प्रयोग नको," हे त्यांनी सासूबाईंकडे बघून सांगितलं. मी ते घरातल्या प्रत्येकाला सांगितलं, फोनवर सांगितलं, आलेल्या पाहुण्यांना सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि मी पाठ वळवली की हसायचे. आमच्या वेळी नव्हती बाई ही फॅडं!

सहावा महिना सरल्यावर उष्टावण ठरलं. खीर मी स्वतः केली, नारळाच्या दुधात. माझा भाऊ, म्हणजे रेवाचा मामा, चांदीची वाटी-चमचा घेऊन कॅम्प पाचहून आला. वांगणीहून आत्याबाई आल्या. देवाची पूजा झाली. मी रेवाला आत्याबाईंच्या मांडीवर दिलं आणि पाट मांडायला वळले.

परत आले तर रेवा ओठ चाटत होती.

"काय दिलंत?"

"काही नाही गं. देवाचं तीर्थ. थेंबभर."

आमच्याकडे त्या दिवशी पंचामृताचं तीर्थ होतं. दूध, दही, तूप, तिन्ही त्यात. मी ओरडले तेव्हा आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "देवाचं कधी कुणाला बाधत नाही."

बघता बघता रेवाचा वरचा ओठ सुजला. मानेवर गांधी उठल्या, त्या पोटापर्यंत गेल्या. तिने उलटी केली, पुन्हा केली, आणि मग मान टाकली. श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. आम्ही रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलात पोहोचलो.

ड्युटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "उलटी झालीय ना, सलाईन लावून बघू. काय खाल्लं होतं?"

मी म्हटलं, "दुधाची ॲलर्जी आहे. हा ॲनाफायलॅक्सिस आहे, ॲड्रेनलिन द्या." ॲनाफायलॅक्सिस म्हणजे सगळ्या शरीराने एकदम घेतलेली ॲलर्जी, ज्यात श्वास बंद पडू शकतो. त्यावर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीत. कल्याणच्या मॅडमनी हे मला घोकून घेतलं होतं.

"मॅडम, तुम्ही बाहेर थांबा. आवाज करू नका," सिस्टर म्हणाली.

आणि मग मी आवाज केला. बाळंतपणापासून गिळलेला सगळा राग त्या कॅज्युअल्टीत बाहेर पडला. "मी बाहेर जाणार नाही! आधी इंजेक्शन द्या, मग मला हाकला!" निलेशने तोवर कल्याणच्या मॅडमना फोन लावला होता. मी तो फोन त्या डॉक्टरांच्या कानाला लावून धरला. त्यांनी ऐकलं, सिस्टरला काहीतरी सांगितलं आणि रेवाच्या मांडीत सुई टोचली.

थोड्या वेळाने रेवा रडली. जिच्या रडण्याने दोन घरं हैराण झाली होती, ती माझी मुलगी चांगली खणखणीत, संतापून रडली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. त्या तरुण डॉक्टरांचे मी आभार मानते. त्यांनी माझं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "तुम्ही ओरडलात ते बरं झालं." डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य ऐकायला नशीब लागतं. कल्याणच्या मॅडमचे आभार मानायला मला शब्द पुरणार नाहीत. त्यांनी नंतर आम्हाला ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये कसं भरायचं आणि कुठे टोचायचं ते शिकवलं. आता ते इंजेक्शन रेवाच्या पिशवीत कायम असतं. बरीच मुलं मोठी होताना या ॲलर्जीतून बाहेर पडतात, असं त्या सांगतात. अधूनमधून तपासणी होते. रेवा अजून बाहेर पडलेली नाही. पडेल तेव्हा पडेल.

आत्याबाईंना मी माफ केलं का, असं मला लोक विचारतात. नाही केलं. त्यांनी अजून एकदाही "चुकलं" म्हटलेलं नाही. म्हणतील त्या दिवशी बघू.

सासूबाईंबद्दल मात्र सांगायला हवं. उष्टावणाच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर त्या पूर्ण वेळ पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या. नंतर या विषयावर आमचं काही बोलणं झालं नाही. फक्त एके दिवशी बघितलं तर तूप आणि दुधाची भांडी त्यांनी वेगळ्या फळीवर हलवली होती आणि रेवाच्या वाट्यांना लाल दोरा बांधला होता.

परवा आमच्या सोसायटीत सत्यनारायण होता. रेवा आता बोलते, धावते, गाल गुबगुबीत. हॉलमध्ये कुणा काकांनी लाडाने तिच्यासमोर शिऱ्याचा द्रोण धरला. मी दुसऱ्या टोकाला होते. मी पोहोचायच्या आधी सासूबाईंचा आवाज आला. तो आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. माइकवरचं भजन थांबलं.

"हात मागे घ्या! शिऱ्यात दूध आहे, तूप आहे! देवाचं असू दे नाहीतर कुणाचं असू दे, माझ्या नातीला विचारल्याशिवाय कुणी काही भरवायचं नाही!"

काका ओशाळून मागे सरले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. घरी येताना सासूबाई माझ्या पुढे जिना चढत होत्या. अर्ध्या जिन्यात त्या थांबल्या आणि मला विचारलं, "फार ओरडले का गं मी?"

मी रेवाला त्यांच्या कडेवर दिलं. "नाही आई," मी म्हटलं. "अजून थोडा आवाज चढला असता तरी चाललं असतं."